हकी म्हणजे हक्क
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. या मंडळात मी आजवर पुष्कळ कामे केली. संक्रांतीची वाणे मोजली, सहलीला पुरेल एवढा मसालेभात रांधला, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या झाडल्या. बोलण्याचे काम मात्र नेहमी शिकलेल्या बायकांवर सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चुकलेमाकले तर पदरात घ्या.

तरीही आज मी आपण होऊन उभी राहिले, कारण मी तुमची देणेकरीण आहे. आपल्या 24 जणींच्या भिशीत माझा नंबर शेवटून तिसरा होता. पण माझ्या लेकीला आफ्रिकेत जावयाचे आहे असे कळले, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मिळून पहिला नंबर मला दिला. ज्यांच्या घरी त्याच महिन्यात कार्य होते, त्यांनीसुद्धा हूं की चूं केले नाही. ते पैसे कशाला लागले, त्यातून काय आले, याचा हिशेब मंडळाला दिला पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले. म्हणून हे चार शब्द.

माझी धाकटी लेक पुण्यास वकिलीचे शिक्षण घेते. या शिक्षणात काही महिने कुठेतरी उमेदवारी करावी लागते. तिला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. तिच्या मैत्रिणी मुंबईच्या, दिल्लीच्या मोठ्या वकिलांकडे गेल्या. हिने अर्ज केला टांझानिया देशातल्या अरुशा गावी. बायकांना फुकट कायद्याचा सल्ला देणारी एक छोटीशी कचेरी तिथे आहे. पगार नाही, राहण्याखाण्याचा खर्च आपला. ऐकून आमचे हे म्हणाले, "पैसे भरून फुकट काम करायला एवढ्या लांब कशाला? वाईच्या कोर्टात काय कामं कमी आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "तरणीताठी पोर, तिकडं वाघसिंह." मी त्यांना म्हटले, "वाघ नाहीत तिकडं, नुसते सिंह आहेत." हे लेकीनेच मला सांगितले होते. खरे सांगते, धीर मलाही नव्हता. पण लहानपणी आठवीसाठी मला दुसऱ्या गावी जावे लागले असते, आणि रस्त्यात ओढा होता. ओढ्यासाठी माझी शाळा सुटली. तिची समुद्रासाठी सुटू नये, एवढेच मला वाटले.

2025 सालच्या मे महिन्यात ती गेली. तिथल्या एका शिक्षिकेच्या घरी तिने खोली घेतली. रोज रात्री फोन येई. आपल्याकडे दहा वाजले, की तिथे साडेसात. परदेशी मुलीला तिथे वकिली करता येत नाही. टिपणे काढणे, जुने कागद तारीखवार लावणे, आलेल्या बायकांना बसवून चहा देणे, अशी तिची कामे. जुलै महिन्यात तिला मलेरियाचा ताप आला. आठ दिवस झाले तरी आवाजात जीव येईना. यांना रजा मिळेना. पासपोर्ट तिने माझाही आधीच काढून ठेवला होता. तेव्हा हेच म्हणाले, "तू जाऊन ये." माझे मसाल्याचे साठवलेले पैसे आणि एक पाटली गहाण ठेवून आलेले पैसे, एवढ्यावर मी निघाले. पुण्याच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली बाई मी. मधे एके ठिकाणी विमान बदलावे लागते, तिथे हातात लेकीची चिठ्ठी धरून, ज्याला त्याला दाखवीत बरोबर दुसऱ्या विमानात बसले.

पोहोचले तो लेक विमानतळावर हसत उभी. ताप उतरला होता, पण गालफडे बसली होती. तिला पाहिले आणि मला रडू आले. तिथली एक बाई जवळ येऊन म्हणाली, "पोले, मामा, पोले." मला वाटले ही मला मामा का म्हणते? मग कळले, की स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ! पोले म्हणजे "वाईट वाटून घेऊ नका." परक्या मुलखात पाऊल टाकल्याबरोबर कुणी आई म्हणून हाक मारली, की भीती निम्मी होते.

अरुशा हे मेरू नावाच्या पर्वताच्या पायथ्याचे गाव. होय, मेरूच. पण आपल्या पुराणातला तो नव्हे. नाव तेवढे सारखे. हवा आपल्या पाचगणीसारखी. जुलैत तर अंगावर शाल लागे. जेवणाची मला चिंता होती, पण तिथे चपाती चपातीच म्हणतात, चहाला चाय म्हणतात आणि आपल्या माठासारखी पालेभाजी मिळते, तिला म्चिचा म्हणतात. मक्याच्या पिठाची उकड घट्ट थापून करतात, ती उगाली. गुजराथी व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गेलेले, त्याच्याही खुणा भाषेत दिसतात. दुकान म्हणजे दुका, पैसा म्हणजे पेसा.

दुसऱ्याच दिवशी लेक मला तिच्या कचेरीत घेऊन गेली. दोन खोल्या, एक लांब बाक, भिंतीवर कागद चिकटवलेले. लेक एकेका कागदावर बोट ठेवून वाचून दाखवू लागली. वकिलाला तिथे "वकिली" म्हणतात. न्यायाधीशाला "हाकिमू". आणि हक्काला म्हणतात "हकी". अरबी भाषेतले हे शब्द समुद्रावरून इकडेही आले आणि तिकडेही गेले. मी म्हटले, "अगं, ही तर आपल्या मामलेदार कचेरीतली भाषा!"

त्या दिवशी बाकावर एक विधवा बाई बसली होती. माझ्याएवढीच असेल. तिचे नाव मी सांगणार नाही, ते तिचे तिच्यापाशी. तिची संमती घेऊनच मला आत बसू दिले. मेरूच्या उतारावर तिची केळी आणि कॉफीची अर्धा एकर बाग. नवरा गेल्यावर वर्षाच्या आत दीर कागद घेऊन आले आणि म्हणाले, अंगठा कर, नुसती सरकारदप्तरी नोंद आहे. बाईला अक्षरओळख नाही. पण ती म्हणाली, "आज नाही. ज्या कागदाची घाई असते, तो सावकाश वाचायचा असतो." कागद पदराखाली घेऊन ती दोन तास चालत या कचेरीत आली. इथे वाचून दाखवल्यावर कळले, की बाग सोडल्याचा तो कागद होता.

हे मला तिच्या तोंडून सरळ कळले नाही. ती स्वाहिलीत बोले, कचेरीतली बाई ते इंग्रजीत सांगे आणि लेक मराठीत. तीन तोंडांतून फिरून आले, तरी ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसले. का, ते पुढे सांगते.

लेकीने मला तिथला कायदा समजावून सांगितला. 1999 साली त्या देशाने गावजमिनीचा कायदा केला. त्यात लिहिले आहे, की जमीन घेण्याचा, ठेवण्याचा आणि वापरण्याचा बाईचा हक्क पुरुषाइतकाच. गावच्या जमिनीचे तंटे मिटवायला सात जणांचे पंचमंडळ असते, आणि त्यात निदान तीन बायका असल्याच पाहिजेत. पण त्याच देशात 1963 सालचा रूढींचा एक हुकूम आहे. त्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वारसा मिळत नाही. एक कायदा देतो, दुसरा अडवतो. मधे जी बाई गप्प बसली, ती संपली. म्हणून तिथे गावोगावच्या साध्या बायका थोडे कायद्याचे शिक्षण घेऊन इतर बायकांना वाट दाखवतात. 2017 सालच्या कायद्याने त्यांना मान्यताही मिळाली आहे. कुणी शिवणकाम करणारी, कुणी भाजी विकणारी. मी लेकीला विचारले, "यांतली सातवी शिकलेली कुणी असेल का गं?" ती म्हणाली, "शिक्षण विचारू नकोस आई, धीर विचार."

गावात एक मोठी इमारत आहे. तिच्या तीन भागांना किलिमांजारो, सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो अशी नावे आहेत. रवांडा देशात 1994 साली शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसे मारली गेली. त्याचा न्याय करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले न्यायालय या गावात 2015 पर्यंत होते, आणि खटले या इमारतीत चालत. पहिल्या खटल्यात तीन न्यायाधीशांपैकी एकच बाई होती, नवी पिल्ले. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरी 1941 साली जन्मलेली तामिळ घराण्यातली ही मुलगी. वडील बस चालवीत. हिच्या शिक्षणाला पैसा नव्हता, तेव्हा तिथल्या हिंदी लोकांनी वर्गणी गोळा करून तिला शिकवले. हे ऐकले आणि मला आपली भिशी आठवली.

त्या खटल्यात सुरुवातीला बायकांवरच्या अत्याचारांचा आरोपच नव्हता. एक बाई साक्षीला उभी राहिली आणि कुणी विचारले नसताना आपल्या लहान मुलीवर काय गुदरले ते सांगून गेली. न्यायाधीशांनी तिला तिथेच गप्प केले नाही, उलट पुढे विचारले. त्यानंतर 1997 साली आरोपपत्र बदलावे लागले. 2 सप्टेंबर 1998 रोजी निकाल झाला. बायकांवर केलेला असा अत्याचार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, असे एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जगात प्रथमच सांगितले. एका आईने तोंड उघडले म्हणून! मी त्या इमारतीच्या पायरीवर जरा वेळ बसून राहिले.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई सिंह केव्हा दाखवणार? दाखवते.

लेकीची उमेदवारी संपली, आणि आम्ही दोघी चार अनोळखी प्रवाशांबरोबर एक गाडी ठरवून न्गोरोंगोरो पाहण्यास गेलो. नाव घेताना जीभ अडखळते, पण जागा अशी, की बोलायचेच सुचत नाही. फार पूर्वी तिथे मोठा ज्वालामुखी होता. तो आतल्या आत कोसळून त्याची प्रचंड कढई झाली. कढईची रुंदी सुमारे 19 किलोमीटर, खोली सुमारे 600 मीटर. आपण पाचगणीच्या टेबललँडवरून धोमचे पाणी पाहतो ना, तसे काठावरून खाली पाहिले, तर गवत, तळे आणि मुंगीएवढे ठिपके. ठिपके म्हणजे रानम्हशी. उतरणीचा रस्ता पसरणीच्या घाटासारखा, पण कच्चा.

खाली गेल्यावर पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे अगदी गाडीला अंग घासून गेले. झेब्र्याला तिथे "पुंडा मिलिया" म्हणतात, म्हणजे पट्ट्यांचे गाढव! न्यूंबू नावाचा दाढीवाला प्राणी कळपाने चरत होता. इंग्रजीत त्याला विल्डेबीस्ट म्हणतात. तळ्यावर गुलाबी रोहित पक्षी. दूरवर काळा गेंडा, दुर्बिणीतूनच दिसला. आणि सिंहीण. रस्त्याच्या कडेला पिले घेऊन लोळत होती. आमच्याकडे तिने एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. सिंहाला "सिंबा" म्हणतात. मी मनात म्हटले, सासूबाई, बघा, तुमच्या नातीला काही झाले नाही.

काठावरून पुढे जो रस्ता जातो, तो सेरेंगेटीला. तिथे बाराएक लाख न्यूंबू पावसामागून गवत शोधीत दरवर्षी फेरा घालतात. हे आम्हांला पाहता आले नाही, पैसे पुरेनात. पण लेकीने त्याची गोष्ट सांगितली, ती पाहण्याइतकीच मोलाची. 2010 साली सरकारने त्या अरण्याच्या उत्तरेकडून गाड्यांचा हमरस्ता काढण्याचे ठरवले. कळपांची वाट अडेल म्हणून केनियातली प्राण्यांची काळजी घेणारी एक संस्था पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयात गेली. तेही न्यायालय अरुशातच आहे. 20 जून 2014 रोजी न्यायालयाने सांगितले, की अरण्यातून असा डांबरी रस्ता करणे बेकायदा आहे. मुक्या जनावरांच्या वतीने कुणीतरी बोलले, आणि न्यायाधीशांनी ऐकले.

पण त्या काठावरच लाल चादरी पांघरलेले मसाई लोक गुरे घेऊन चाललेले दिसले. त्यांना 1959 साली सेरेंगेटीतून काढून इकडे आणले. आता 2022 पासून इथूनही दूर नेऊन वसवणे चालू आहे, आणि पुष्कळांना ते मान्य नाही. आपण धोम धरणाच्या शेजारची माणसे. पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. लेकीला मी विचारले, "जनावरांचा हक्क खरा की या माणसांचा?" ती म्हणाली, "आई, याचं उत्तर मला येत नाही. ते शोधायलाच तर शिकतेय." मला तिचे ते उत्तर आवडले.

तिथून आम्ही झांझिबार बेटावर गेलो. बसने दिवसभर प्रवास करून दार-ए-सलाम, आणि मग दोन तास बोट. बोटीत माझी फार वाईट अवस्था झाली, ती सांगत नाही. बेटावर उतरल्यावर लवंगांचा वास आला, तेव्हा कुठे बरे वाटले. मसाल्यात आयुष्य गेलेली बाई मी, पण झाडावरची हिरवी लवंग प्रथमच पाहिली. जुन्या गावाचे बोळ आपल्या ब्राह्मणशाहीतल्या बोळांहून अरुंद, आणि दारे मात्र वाड्यांसारखी, कोरीव आणि पितळी खिळ्यांची. फ्रेडी मर्क्युरी म्हणून एक जगप्रसिद्ध गायक होऊन गेला. तो पारशी. 1946 साली तो या बेटावर जन्मला आणि शिकायला आपल्या पाचगणीला आला. म्हणजे आमच्या गावावरूनच तो शाळेला जात असणार!

जोझानीच्या जंगलात तांबड्या पाठीची माकडे पाहिली. ती झांझिबारशिवाय जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. जवळच्या चांगू बेटावर राक्षसी कासवे आहेत. 1919 साली सेशेल्स बेटांवरून चार कासवे भेट आली, त्यांच्यापासून हा गोतावळा सुरू झाला. पाठीवर रंगाने वय लिहिलेले असते. शंभरी ओलांडलेल्या एका कासवाला मी हाताने पाला भरवला. भरवताना सासूबाईंची आठवण झाली. हसू नका, मी प्रेमाने सांगते आहे.

पूर्वेच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बायका गुडघाभर पाण्यात वाकून काम करताना दिसल्या. दोरीला समुद्रशेवाळ बांधून त्याची शेती करतात. 1989 च्या सुमारास ही शेती तिथे सुरू झाली. त्यात बहुतेक बायकाच. या शेवाळापासून काढलेला पदार्थ टूथपेस्टमध्ये घट्टपणासाठी घालतात. म्हणजे त्या बायकांचा घाम आपल्या न्हाणीघरात पोहोचलेला असेल, आणि आपल्याला ठाऊक नाही.

पण मन हलले ते जुन्या गावातल्या देवळापाशी. म्हणजे ख्रिस्ती देऊळ. ती जागा गुलामांच्या बाजाराची. माणसांना साखळीने बांधून आणीत आणि ढोरांसारखी विकीत. 1873 साली हा बाजार बंद झाला आणि त्याच जागेवर हे देऊळ उभारले. बाहेर एका खड्ड्यात दगडाच्या माणसांच्या आकृती आहेत, गळ्यात साखळ्या घातलेल्या. त्यांत बायकाही आहेत. ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, अशी ती माणसे.

संध्याकाळी समुद्राकाठी बसलो असता लेकीने विचारले, "आई, आजोळच्या जमिनीचा कागद तू वाचला होतास का?"

मैत्रिणींनो, हे सांगण्यासाठीच मी आज उभी राहिले आहे. माझे वडील 2010 साली गेले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी भाऊ आम्हां तिघी बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेले. आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. दुपारी जेवण झाले, प्रत्येकीला साडी मिळाली. भावांनी फसवले, असे मी म्हणत नाही. त्यांनी मागितले, मी दिले. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून दिले. पण मला वाचता येत होते. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी. चष्माही लागला नव्हता. आणि चार पानांतली एक ओळसुद्धा मी वाचली नाही. कुणी वाचू नको म्हणाले नव्हते. मलाच लाज वाटली, की भावाच्या देखत कागद वाचला तर त्याला काय वाटेल!

आणि ती मेरूच्या उतारावरची बाई. तिला अक्षर येत नव्हते, ती दोन तास चालत गेली.

मी लेकीला खरे ते सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हक्क सोडणं हाही हक्कच आहे आई. पण वाचून सोडावा." 1956 च्या वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. वडील 2005 साली हयात असोत वा नसोत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. हे सगळे तिने मला त्या वाळूत बसून सांगितले.

घरी परत आले. आता खरी परीक्षा. माझे सासरे 2023 साली गेले. घर आणि तीस गुंठे हळदीची जमीन. माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, फलटणला असतात. त्यांचा हक्कसोडीचा कागद तयार होऊन कपाटात पडला होता. मी आल्यावर त्यांना बोलावून सही घ्यायची, असे ठरले होते. या वेळी मी बहीण नव्हते, घेणारी भावजय होते. ती जमीन उद्या माझ्या मुलाच्या नावे व्हायची.

वन्सं आल्या. चहा झाला. त्यांनी पिशवीतून पेन काढले आणि विचारले, "कुठं करू सही?" माझ्या तोंडून शब्द गेला, "वन्सं, आधी वाचा. मी मोठ्याने वाचते, तुम्ही ऐका." हे माझ्याकडे पाहत राहिले. सासूबाई उठून आत गेल्या. मी चारही पाने वाचली. अडखळत वाचली, पण वाचली. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं सगळं मी सोडतेय होय गं? मला वाटलं नुसतं नाव कमी होतंय." कागद त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला आणि त्या फलटणला गेल्या.

हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "आफ्रिकेत हे शिकून आलीस?" मी म्हटले, "नाही. माझ्या माहेरी शिकले, समजलं मात्र आफ्रिकेत."

भाऊबीजेला वन्सं आल्या. त्यांनी सांगितले, जमीन मला नको, मुले नोकरीवर आहेत. पण माजघरामागची खोली माझ्या नावे राहू द्या. उद्या काही झाले, तर माझे म्हणून एक दार असावे. यांनी नवा कागद करवला. त्यात ती खोली वन्संच्या नावे आहे. सही करण्याआधी दोघा भावाबहिणींनी तो वाचला. माझ्या मुलाच्या वाट्याला एक खोली कमी आली. सासूबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात. हे सगळे फुकटात झाले, असे मी सांगणार नाही. हे इथे सांगण्याला वन्संची परवानगी मी घेतली आहे. त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

माझ्या माहेरच्या कागदाचे काय, असे तुम्ही विचाराल. त्याची नक्कल मागवून मी 14 वर्षांनी ती वाचली. एवढेच. पुढे काही करायचे माझ्या मनात नाही. पण न वाचल्याची टोचणी गेली.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. दर महिन्याला भिशीच्या दिवशी चहानंतर अर्धा तास आपण "कागदवाचन" ठेवू या. ज्या बाईकडे जो कागद असेल, तो तिने आणावा. सातबारा असो, विम्याचा कागद असो, बँकेचे कर्ज असो. मिळून वाचू. न कळेल ते माझ्या लेकीला फोनवर विचारू. आणि वकील लागला, तर हे लक्षात ठेवा, की 1987 सालच्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारकडून फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते. आमच्या घरापासून कोर्ट दहा मिनिटांवर, आणि हे मला समुद्रापलीकडे जाऊन कळले.

स्वाहिलीत एक म्हण आहे, "हबा ना हबा हुजाझा किबाबा." थोडे थोडे करून माप भरते. आपली थेंबे थेंबे तळे साचे तीच. तुमच्या 24 जणींच्या थेंबांतून माझ्या घरी जे आले, ते असे आहे. पैशाचे दोन हप्ते माझ्याकडून अजून यायचे आहेत, ते येत्या दोन महिन्यांत फेडीन. पाटली सुटायला जरा वेळ लागेल, पण तिची मला घाई नाही.